नको असलेल्या माणसाला घराबाहेर काढायचंय? ज्येष्ठांनी अर्ज कुठे आणि कसा करावा

‘थोडे दिवस राहतो’ म्हणून आलेला माणूस घरात ठाण मांडतो, घरखर्च देत नाही, वर म्हाताऱ्या माणसांनाच दमदाटी करतो. अशा वेळी शेजारीपाजारी सांगतात, सामान बाहेर टाका, कुलूप बदला. कृपा करून हे करू नका. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावू शकतो. त्या दाव्यात घराची मालकी कोणाची, हे पाहिलंच जात नाही.

आधी तो माणूस तुमचा कोण लागतो ते ठरवा, कारण कुठे जायचं ते त्यावर ठरतं. मुलगा, मुलगी किंवा, अपत्य नसेल तर, तुमच्या मालमत्तेचा वारस ठरणारा नातेवाईक असेल तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा लागू होतो. अर्जदाराचं वय ६० किंवा जास्त हवं. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतः जाणं शक्य नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते.

घर रिकामं करून देण्याची थेट तरतूद या कायद्यात नाही. पण ज्येष्ठाच्या निर्वाहासाठी आणि संरक्षणासाठी गरज असेल तर न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणून अर्जात नुसतं ‘त्रास देतो’ लिहून भागत नाही. औषधं अडवली, स्वयंपाकघर बंद केलं, हात उगारला, जे घडलं ते तारखेसह लिहा. त्याच निकालात सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्कही जपला आहे. तिला हुसकावण्यासाठी हा कायदा वापरू नये, आणि ते योग्यच आहे.

सोबत ओळखपत्र, वयाचा दाखला, मालकीचा कागद (खरेदीखत, मालमत्ता पत्रक किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), पोलिसांकडच्या तक्रारींच्या प्रती आणि असल्यास दवाखान्याचे कागद जोडा. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीस दिलं असेल आणि ती अट पाळली जात नसेल, तर बक्षीसपत्र नक्की जोडा. याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत अपील करता येतं.

दूरचा नातेवाईक किंवा मित्र असेल तर हा मार्ग नाही. घर सोडण्याची मुदत देणारी लेखी नोटीस पाठवा, तिची पोच जपून ठेवा आणि नंतर ताब्याचा दावा लावा. मुंबईत असा दावा लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) चालतो, अगदी फुकट राहणाऱ्याविरुद्धही. घर भावाबहिणींच्या सामाईक नावावर असेल तर नोटिशीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. एकाने जरी ‘मीच बोलावलं’ म्हटलं तरी प्रकरण लांबतं.

मारहाण होत असेल तर अर्जासाठी थांबू नका, ११२ ला फोन करा. कागदपत्रांबाबत विचारायला ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे.