प्रथिनाच्या शेपटीला डीएनए

गुलाबाच्या किंवा द्राक्षवेलीच्या बुंध्याशी, मातीलगत, कधी कधी एक खडबडीत गाठ वाढलेली दिसते. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, त्यातून ती फुगते. गाठीमागे जिवाणू आहे हे १९०७ साली समजले. त्याचा डीएनए झाडाच्या पेशीत राहतो, हे सिद्ध व्हायला मात्र १९७७ उजाडले.

डीएनए इतकी आवरणे ओलांडतो कसा? झाडाला जखम झाली की पाझरणाऱ्या रसायनांचा सुगावा जिवाणूला लागतो. मग व्हिरडी२ हे प्रथिन प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, ठरावीक जागी डीएनएचा एक धागा कापते, आणि कापलेल्या टोकाला स्वतःच पक्के चिकटून बसते. जिवाणूच्या दोन्ही पटलांत आरपार रोवलेले, बारा प्रथिनांचे एक यंत्र असते. चौथ्या प्रकारची स्रावप्रणाली म्हणतात ती हीच. ती डीएनए ओळखत नाही, ओळखते ते व्हिरडी२च्या टोकावरची खूण. प्रथिन ओढले जाते आणि धागा त्याच्यामागे फरफटत येतो. म्हणजे हे यंत्र मुळात प्रथिनांची वाहतूक करणारे. डीएनए त्यात शेपटीला बांधलेला प्रवासी! आत पोचलेली जनुके झाडाकडून असे अन्न बनवून घेतात, जे मुख्यतः या जिवाणूलाच पचते. लबाडीची कमालच म्हणायची.

जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी याच जातीच्या यंत्रातून कॅगए हे प्रथिन आपल्या पेशींत सोडतो, मागे डीएनएचा धागा नसतानाही. कॅगए असलेल्या वाणांमुळे जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे प्लाझ्मिड जातात तेही याच रीतीने. एकच धागा जातो, दोन्हीकडे जोडीचा धागा नव्याने विणला जातो, त्यामुळे देणाऱ्याचे काही कमी होत नाही. प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके भराभर पसरतात, त्याचे हे एक मोठे कारण.

कॉलऱ्याच्या जिवाणूची तऱ्हा उलटी. त्याच्याकडे सहाव्या प्रकारची प्रणाली आहे: ताणून ठेवलेली नळी, तिच्यात विषारी टोकाचा भाला. नळी पाच मिलिसेकंदांच्या आत आखडते आणि भाला शेजारच्या जिवाणूत घुसतो. समुद्रातल्या खेकड्या-कोळंब्यांचे कवच ज्याचे बनते त्या कायटिनवर वाढताना तो हे हत्यार परजतोच, शिवाय बाहेरचा डीएनए आत ओढण्याची सोयही त्याच वेळी सुरू करतो. शेजारी फुटला की सांडलेली जनुके याच्या पोटात.