१२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा न लागणारा वर्ग

नऊ एक्क्यांच्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले की १२३४५६७८९८७६५४३२१ हे उत्तर येते. शाळेत करतो तसा उभा गुणाकार मांडला तर तीच संख्या एकेक घर डावीकडे सरकत नऊ ओळींत उतरते. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक्का, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या घरात नऊ, आणि पुढे पुन्हा एकेक कमी. कुठल्याच घरात बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि मोजलेले एक्के जसेच्या तसे उत्तरात दिसतात.

देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अशा वर्गांना ‘डेम्लो संख्या’ या स्वतःच मांडलेल्या संख्याप्रकारात जागा दिली. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला ‘हर्षद’ हे नावही त्यांचेच. इथे अंकांची बेरीज ८१. संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि ३⁴ म्हणजेच ८१. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. घातांकांत एकेक मिळवून गुणले (५ × ३ × ३) की एकूण विभाजक ४५.

हे हर्षदपण दुर्मीळ आहे. नऊपर्यंतच्या एक्क्यांसाठी वर्गातील अंकांची बेरीज एक्क्यांच्या संख्येचा वर्ग असते, पण तिने भाग फक्त एक, तीन आणि नऊ एक्क्यांनाच जातो. १११ चा वर्ग १२३२१, बेरीज ९, भागाकार १३६९.

दहावा एक्का जोडला की मधल्या घरात दहा होतात. शून्य लिहून एक हातचा जातो. शेजारच्या नवातही मिळून दहा होतात, म्हणून पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होऊन गाडी थांबते. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. दर हातच्याला अंकांच्या बेरजेतून नऊ गळतात, म्हणून शंभराऐवजी ८२ उरतात. उत्तर विषम आहे, त्याला ८२ ने भाग जाणे शक्यच नाही.

पडताळा घेताना मात्र जपा. एक्सेल पंधराच अंक धरते आणि १२३४५६७८९८७६५४३०० दाखवते. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेच्या साध्या संख्येत शेवटी १ ऐवजी ० येतो, कारण २⁵³ च्या पुढे तिथे प्रत्येक पूर्णांक मावत नाही. या टप्प्यात तर फक्त सम संख्याच मावतात. पायथॉन या भाषेतले पूर्णांक अचूक राहतात.

कागदावर करायचे तर १११११११११ ची १११११०००० + ११११ अशी फोड करा. मग तीन तुकडे :

१२३४५४३२१००००००००
२४६८८६४२००००
१२३४३२१

पहिला आणि तिसरा तुकडा दोन भागांचे वर्ग, मधला त्यांच्या गुणाकाराची दुप्पट. उजवी कड जुळवून बेरीज केली की सतराही अंक हाती येतात.