लोभी की महत्त्वाकांक्षी? मॅकबेथ आणि क्षिप्राकाठचे राघोबादादा

इंदूरच्या मराठी घरांतली जी मुले महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेतात, त्यांना शेक्सपिअरच्या नाटकातल्या 'मॅकबेथचा नाश कशामुळे झाला' हा प्रश्न कधी ना कधी सोडवावाच लागतो. उत्तरात 'लोभ' आणि 'महत्त्वाकांक्षा' हे शब्द एका दमात येतात आणि शेवटी पत्नी व चेटकिणी यांच्या 'प्रभावा'वर सारा भार टाकून मुले मोकळी होतात. या घोटाळ्यात भाषेचाही वाटा आहे. इथल्या मराठीत हिंदीतला 'लालच' सहज मिसळतो. उलट जुन्या पत्रांच्या अखेरीस 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा' असे लिहिले जाई, तेव्हा लोभ म्हणजे चक्क माया असे. षड्रिपूंमध्ये लोभाची गणना आहे, महत्त्वाकांक्षेची नाही. ती तर आपण मुलांच्या कौतुकात वापरतो. तरीही शोकांतिकेचा नायक समोर आला की दोन्हींना एकच माप लावले जाते.

माझ्या मते हा फरक इच्छेच्या आकारात शोधू नये, हिशेबात शोधावा. लोभाला हिशेब कळतो. जे मिळणार त्यापेक्षा जे जाणार ते अधिक आहे असे दिसले की लोभी माणूस माघार घेतो. महत्त्वाकांक्षी माणसालाही हिशेब येतो. पण तो चुकतो आहे हे दिसत असूनही तो पुढे जातो.

याचे उदाहरण इंदूरकरांच्या घरचेच आहे. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव होळकर यांच्या मृत्यूनंतर 1767 मध्ये दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी रघुनाथरावांना, म्हणजे राघोबादादांना, कळवले की होळकरांची दौलत आता एका विधवेच्या हाती उरली आहे. दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. पलीकडे तुकोजी होळकर सज्ज होते आणि अहिल्याबाईंनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, निरोप धाडला की बायकांशी लढून तुम्ही जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. निरोपाचे नेमके शब्द काहीही असोत, त्यात एक हिशेब मांडलेला होता आणि दादांना तो पटला. आपण सांत्वनासाठी आलो होतो, असे सांगून त्यांनी वेळ निभावली. राजवाड्यासमोरच्या बागेतील अहिल्याबाईंच्या पुतळ्याकडे पाहून ही गोष्ट सांगताना आपण बाईंच्या धैर्याचा गौरव करतो आणि ते रास्तच आहे. पण ते धैर्य उपयोगी पडले याचे एक कारण असेही की समोर लोभ उभा होता, आणि लोभाला समजावता येते.

आता मॅकबेथ पाहा. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात, राजा डंकनच्या खुनाआधी, तो एकटाच हिशेब मांडतो. राजा आपला आप्त आहे, आपण त्याचे प्रजाजन आहोत, आज तर यजमानही आहोत. तो सौम्य आणि निष्कलंक आहे. शिवाय रक्तपाताचा धडा दुसऱ्याला दिला की तो देणाऱ्यावरच उलटतो. सगळ्या रकमा खर्चाच्या बाजूला जातात. जमेला एकच गोष्ट उरते आणि तिचे नाव तो स्वतःच घेतो: उडी मारताना पलीकडे जाऊन कोसळणारी महत्त्वाकांक्षा. खजिना, जमीन, ऐषआराम यांचा त्या स्वगतात उल्लेखही नाही. चौथ्या अंकात डंकनचा मुलगा माल्कम त्याला हावरट म्हणतो हे खरे, परंतु ती शत्रूने दिलेल्या शिव्यांची यादी आहे. त्याच प्रवेशात माल्कम स्वतःच्या अंगी अतृप्त धनलोभ असल्याचे सोंग करतो, तेव्हा त्याच्याशी बोलणारा सरदार मॅकडफ त्या दुर्गुणाचा वेगळा विचार करतो. लोभ आणि सत्तेची आस या निराळ्या वस्तू आहेत, याची नाटककाराला पुरती जाण होती.

बाहेरचा प्रभावही या दोघांवर एकाच रीतीने चालत नाही. लोभ्याला खबर लागते: माल कुठे आहे, राखण कोण करते. चंद्रचूडांनी दादांना तेवढीच पुरवली. महत्त्वाकांक्षी माणसाला खबर पुरत नाही. त्याला 'तू तो आहेस' असे कुणीतरी म्हणावे लागते, किंवा 'तू तो नाहीस' असे हिणवावे लागते. चेटकिणी पहिले काम करतात. त्या खून कर असे कुठेही सांगत नाहीत, केवळ भावी राजा म्हणून त्याला संबोधतात. तेच शब्द शेजारी उभा असलेला त्याचा सोबती सरदार बँकोही ऐकतो, त्याच्या वंशजांना राज्य मिळेल हेही ऐकतो, आणि हात उगारत नाही. दुसरे काम लेडी मॅकबेथ करते. 'आता पुढे जायचे नाही' असे नवरा म्हणतो तेव्हा ती लाभ सांगत बसत नाही, त्याच्या पौरुषावर बोट ठेवते. तिचा दोष मोठा आहेच. मात्र बँकोच्या खुनाचा बेत तो तिलाही कळू देत नाही, म्हणजे तोवर ढकलणाऱ्या हाताची गरजच संपलेली असते. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या 'ध चा मा'ची आख्यायिका आपल्याकडे, सारा दोष पत्नीवर टाकायला, अशाच सोयीने वापरली जाते.

राघोबादादांना मात्र केवळ लोभी म्हणून निकालात काढता येत नाही. 1758 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरपर्यंत गेल्या होत्या आणि शोकनायकाला लागते ती उंची त्यांच्यापाशी होती. क्षिप्रेवरून परतलेले दादा 1773 नंतर, नारायणरावांच्या खुनानंतर मिळालेली पेशवाई बारभाईंच्या कारस्थानाने हातची जाऊ लागली तेव्हा, तसे परतले नाहीत. 1775 च्या सुरतेच्या तहात गादीसाठी मदत मिळावी म्हणून त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. होळकरांच्या दौलतीसाठी आलेला हाच माणूस आता एका पदासाठी, ज्यांच्या मुक्ततेकरिता चिमाजी आप्पांच्या फौजेने 1737 ते 1739 या काळात रक्त सांडले होते ती ठिकाणे, आपल्या हाताने देत होता.