मांडणशिल्प : देहाची हालचाल आणि भावनिक नाते

प्रेक्षकाच्या अंगाची हालचाल हेच ज्याचे मुख्य साहित्य असते, असा मांडणशिल्पाचा (इन्स्टॉलेशन आर्टचा) एक प्रकार आहे. चित्रासमोर आपण उभे राहतो, मांडणशिल्पाच्या आत शिरतो. या प्रकारात मात्र नुसते आत शिरूनही भागत नाही. चालावे लागते, वाकावे लागते, दोर ओढावा लागतो, कधी अनोळखी माणसाचा हात धरावा लागतो. कोणी हललेच नाही, तर खोलीत लाकूड, कापड, तारा आणि दिवे एवढेच उरते. नाटकातला नट तालीम करून येतो. इथे येणारा माणूस कामावरून परतताना, हातात पिशवी घेऊन येतो आणि त्याच्या सवयीच्या हालचालींवर कलाकृती उभी राहते.

या वाटेची सुरुवात १९५९ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन कलावंत ॲलन कॅप्रोने केलेल्या प्रयोगापासून धरली जाते. त्यात आलेल्या लोकांच्या हाती सूचनांची कार्डे दिली होती आणि कधी उठायचे, कोणत्या खोलीत बसायचे हे त्यावर लिहिलेले होते. पण माझ्या मते या कलेला खरा जीव ब्राझीलमध्ये मिळाला. तिथली कलावंत लिजिया क्लार्क हिने १९६६ मध्ये एक लवचीक पट्टी दोन माणसांच्या मनगटांत अडकवली. एकाने हात हलवला की ताण दुसऱ्याला जाणवे. एवढ्याशा पट्टीत या कलेचे सारे मर्म आहे. तिचा सहकारी हेलिओ ओइतिसिका याने रंगीत कापडांचे झगे केले. ते खुंटीवर टांगलेले असताना अपुरे दिसत, अंगावर घालून नाचले की पुरे होत. १९६५ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात तो वस्तीतल्या सांबा नर्तकांना घेऊन गेला, तेव्हा त्यांना आत येऊ दिले नाही. मग सगळे बाहेरच नाचले.

अमेरिकेतल्या ब्रूस नाउमन या कलावंताने १९७० मध्ये एक अरुंद बोळ बांधला. बोळाच्या टोकाला टीव्हीचा पडदा आणि कॅमेरा मात्र प्रवेशाकडच्या बाजूला, उंचावर. त्यामुळे माणूस पडद्याकडे जाऊ लागला की पडद्यावर त्याची पाठ दिसे आणि ती लहान लहान होत जाई. स्वतःजवळ जाताना स्वतःच दूर जाण्याची ही अस्वस्थता एकही शब्द न वापरता अंगाला कळते. १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट मॉरिसने प्लायवूडचे उतार, तोल सांभाळत चालायच्या तुळया आणि रूळ मांडले. लोकांनी इतक्या उत्साहाने त्यांवर धाव घेतली की काही जणांना दुखापती झाल्या आणि प्रदर्शन थोड्याच दिवसांत बंद करावे लागले. २००९ मध्ये ते अधिक सुरक्षित रूपात पुन्हा उभारले गेले.

सोलापूरच्या वाचकाला ही कला वाटते तितकी परकी नाही. या शहराने लयीत काम करणारी शरीरे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. हातमागावर पाय पावडीवर, एक हात धोट्याच्या दोरीला, दुसरा फणीवर, आणि डोळा ताण्यातल्या तुटलेल्या धाग्यावर, असे सगळे अंग एका ठेक्यात चालते. तेलंगणातून येऊन इथे स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हे अंगातले ज्ञान जपले. सोलापुरी चादर आणि टॉवेल त्यातूनच घडले. विडी वळणाऱ्या बायकांची बोटे तेंदूच्या पानावर तंबाखू पसरून, गुंडाळून, दोरा बांधेपर्यंत डोळ्यांची वाट पाहत नाहीत. या हालचालींकडे आपण मजुरी म्हणूनच पाहत आलो. त्यांत किती शिकलेली, घोटलेली शरीरे आहेत, याचा विचार फार कमी वेळा झाला, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

त्याहून जवळचे उदाहरण सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या, गड्ड्याच्या यात्रेचे. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी ती उंच काठी कमरेच्या आधारावर तोलत चालतो, ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर होतो. काठी जरा कलली की पाहणाऱ्यांची अंगेही नकळत त्या बाजूला आवळतात. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडताना हजारो हात एकाच क्षणी वर जातात. यात्रेला मांडणशिल्प म्हणणे मात्र चूक ठरेल. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिथे कोणी एक कलावंत नाही आणि प्रेक्षक म्हणून कोणी वेगळा उभा नसतो. तरीही एका देहाची हालचाल दुसऱ्या देहात कशी उतरते, हे समजून घ्यायला सोलापूरकराला संग्रहालयात जायची गरज पडत नाही.

या उतरण्याला संशोधनाचाही आधार आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून अंधारात चालतानाचे चित्रण केले. पडद्यावर फक्त ठिपके होते, पण ते हलू लागताच पाहणाऱ्यांना चालणारा माणूस दिसला. विल्टरमुथ आणि हीथ या संशोधकांच्या २००९ च्या प्रयोगांत, पावलाला पाऊल मिळवून चाललेल्या गटांनी पुढच्या खेळात एकमेकांशी अधिक सहकार्य केले. लयीत हलणे आणि आपलेपणा यांचा संबंध असा मोजता आला.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा काइनेक्ट बाजारात आला आणि शरीराचे अंतर व ठेवण ओळखणारा कॅमेरा लहान कलावंतांच्याही आवाक्यात आला. तेव्हापासून अशा मांडण्यांचे पेव फुटले: हात हलवला की भिंतीवर रंगांचे कण उडतात, पाऊल टाकले की जमिनीवर लाटा उठतात. यांतल्या पुष्कळ मांडण्या दोन मिनिटांत संपतात, कारण त्या माणसाला त्याचीच प्रतिमा नटवून परत देतात. भावनिक नाते जुळायला माझ्या हालचालीचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडावा लागतो. मुंबईच्या कलावंत शिल्पा गुप्ता यांच्या २००७ च्या सावल्यांच्या कामात प्रेक्षकाची सावली पडद्यावर पडते आणि वरून सरकत आलेल्या वस्तू तिला येऊन चिकटतात. शेजारच्या सावल्यांवरही तेच ओझे चढत जाते. मेक्सिकन-कॅनेडियन कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांच्या २००६ च्या एका कामात छताला १०० ते ३०० दिवे टांगलेले असतात. संवेदक (सेन्सर) बसवलेली मूठ हातांत धरली की आपल्या नाडीच्या ठोक्यावर एक दिवा लुकलुकतो, मग तो ठोका रांगेत पुढे सरकतो आणि रांगेतल्या सगळ्यांत आधी आलेल्या माणसाचा ठोका बाहेर पडतो. आपल्या आधी येऊन गेलेली माणसे डोक्यावर धडधडत असतात.

कापडाच्या या शहरात अमेरिकन कलावंत ॲन हॅमिल्टन यांचे काम आवर्जून सांगायला हवे. २०१२ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या एका प्रचंड दालनात त्यांनी पांढऱ्या कापडाचा भलामोठा पडदा टांगला आणि त्याला दोर व कप्प्यांनी झोके जोडले. कोणी झोका घेतला की कापड त्या जागी वर उचलले जाई. अनेक झोके चालू असले की पडदा सतत फुगत, खाली येत राही आणि कोणत्या झोक्याने काय हलले हे कोणालाच नीट सांगता येत नसे. यातले तंत्र फार अवघड नाही: दोर, कप्पी, कापड. सोलापुरात कापड आहे, दोरा आहे, मागाची दुरुस्ती करणारे कुशल हात आहेत. इथे असे काम करू पाहणाऱ्याने संगणकाआधी त्या हातांकडे जावे.

मांडणी करताना सर्वांत दुर्लक्षित राहणारा प्रश्न लाजणाऱ्या शरीरांचा. तरुण, सडपातळ, एकट्या माणसाला धरून आखलेल्या कामात साडी नेसलेली, कडेवर मूल असलेली बाई दारातूनच परतते. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला संवेदक ओळखतच नाहीत. ओळखीच्या लोकांनी भरलेल्या शहरात चारचौघांत अंग हलवायला धाडस लागते, म्हणून बसून करता येईल, नुसत्या बोटांनी करता येईल अशी हालचालही शिल्पाने तितक्याच मोलाची मानली पाहिजे. स्पर्शाचा भाग असेल तर नकाराची वाट आधीच ठेवावी. कॅमेरा असेल तर तो चित्रण साठवतो की नाही, हे दारावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहावे. सोलापुरात या चारही भाषा नित्याच्या आहेत. दारावर उभ्या माणसालाही शिकवून तयार करावे लागते. ‘हात लावू नका’ असे वर्षानुवर्षे सांगत आलेला रखवालदार इथे ‘या, ओढून बघा’ असे म्हणाला, तरच पहिला प्रेक्षक दोराला हात घालतो.