शेकोटी पेटवली की बिबट्या येत नाही?

ठाण्यात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: येऊर काही खरं नॅशनल पार्क नव्हे, तिथे खुशाल तंबू ठोका, रात्रभर जाळ ठेवला की बिबट्या फिरकत नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. गावातले पाडे आणि बंगले दिसतात म्हणून गैरसमज होतो, पण वनहद्दीत 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. परवानगीशिवाय आत शिरणं हाच गुन्हा, मग मुक्काम तर लांबच. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायलाही बंदी आहे.

आता बिबट्या. इथला बिबट्या वस्तीच्या कडेला वाढलेला, दिवे आणि माणसांचा वावर त्याला नवा नाही. जाळाची भिंत त्याला अडवते हा निव्वळ समज. उलट तंबूभोवती टाकलेली हाडं, उरलेलं चिकन यांच्या वासाने भटकी कुत्री गोळा होतात, आणि कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य. म्हणजे आपणच त्याला जेवायला बोलावतो! शिवाय जमिनीवर झोपलेलं किंवा वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं.

मला जास्त काळजी आगीची वाटते. फेब्रुवारीपासून पानगळीचा जाड थर आणि वाळलेलं गवत असतं. वरून विझलेला निखारा राखेखाली तासन्‌तास धुमसतो, वारा सुटला की उतार पेटतो. जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं, कोवळी रोपं यांना पळताही येत नाही.