काउंटरवर 'कॅटलॉग'ची एरर आली तर आधी हात मागे घ्या

आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरखाली पोस्टग्रेस डेटाबेस चालतो, हे तुम्हाला एरवी माहीत असायची गरजच नाही, पण पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जायला लागली, डेटाबेस मधेच बंद पडून बिघडला, की आमचे फोन वाजतात म्हणून हे लिहून देतोय.

तुमची बिलं, स्टॉक यांच्या टेबलांशिवाय डेटाबेसची स्वतःची पण टेबलं असतात, कुठलं टेबल कुठल्या फाईलीत, त्यात कॉलम कुठले, इंडेक्स (म्हणजे ओळ पटकन शोधायची सूची) कुठले हे सगळं त्यात लिहिलेलं, तोच सिस्टम कॅटलॉग. आपल्या गोव्यातल्या फॉर्म १ व १४ सारखा, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यासारखा समजा. जमीन जाग्यावर, माड उभे, पण दप्तरातलं पान वाळवीने खाल्लं तर प्लॉट कुणाचा ते सांगणार कोण? म्हणजे बिलं बऱ्याचदा डिस्कवर असतातच, त्यांचा पत्ता हरवलेला असतो.

"काउंटर चालू ठेवूनच दुरुस्त करा ना" असं सगळेच म्हणतात. नाही होत. आधी सगळे काउंटर बंद, मग डेटाबेसची सर्व्हिस बंद, मग पूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी. सर्व्हिस चालू असताना साधी कॉपी मारली तर प्रत्येक फाईल वेगळ्या क्षणाची येते, ती धरून काही उभं राहत नाही. आणि डिस्क भरली म्हणून 'पीजी वॉल' फोल्डर कृपा करून रिकामा करू नका, डेटाबेस मधेच बंद पडला तर त्यातल्या नोंदींवरूनच तो सावरतो! त्याचं जुनं नाव 'पीजी एक्सलॉग', लोक साधे लॉग समजून उडवायचे म्हणून २०१७ साली १० व्या आवृत्तीत नावच बदललं, तरी आमच्या एका हॉटेलवाल्याच्या भाच्याने ऐन डिसेंबरात तेच केलं आणि दोन दिवस चेक-इन वहीत लिहावं लागलं.

पुढचं आम्ही कॉपीवर करून बघतो. नुसता कॅटलॉगचा इंडेक्स बिघडला असेल तर नशीब चांगलं, सिस्टम इंडेक्स न वापरता सर्व्हर उठवायचा आणि 'रीइंडेक्स सिस्टम' चालवायचं. एररमध्ये 'पीजी टोस्ट २६१९' दिसलं तर त्याहून सोपं, तिथे फक्त क्वेरी प्लॅनरची (माहिती कुठल्या वाटेने शोधायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी असते, ती पुसून 'ॲनालाइझ' मारलं की परत तयार होते. पण 'पीजी क्लास' (टेबलांची यादी) किंवा 'पीजी ॲट्रिब्यूट' (कॉलमांची यादी) मधली ओळच गेली असेल तर वेळ लागणार, जेवढी टेबलं वाचता येतात तेवढी एकेक करून बाहेर काढायची, आणि कॅटलॉगमध्ये हाताने ओळ घालणं अगदी शेवटी. यूट्यूबवर बघून 'झीरो डॅमेज्ड पेजेस' हे सेटिंग चालू करू नका, एरर जाते खरी, पण ८ केबीचं अख्खं पान कोरं धरलं जातं, त्यातल्या ओळींसकट.

दुरुस्त झाला तरी तो जुना फोल्डर आम्ही परत वापरायला देत नाही. डंप (सगळ्या माहितीची बाहेर काढलेली प्रत) काढून कोऱ्या डेटाबेसमध्ये भरतो, मगच काउंटर सुरू. यात एक रात्र जाते, लोक कुरकुरतात, चालतं.

यूपीएसची बॅटरी जूनच्या आधी बघून घ्या. चेकसम, म्हणजे बिघडलेलं पान ओळखणारी तपासणी, पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू येतो, जुन्या सेटअपवर सर्व्हर बंद ठेवून तो चालू करता येतो, पुढच्या व्हिजिटला आठवण करा. फोन करताना एररचा पूर्ण फोटो, लाईट कधी गेली ती वेळ आणि शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा, एवढं हाताशी ठेवा.