डिपस्टिक नसलेल्या मोटारीत इंजिन ऑइलची पातळी तपासणे

अनेक बीएमडब्ल्यू, ऑडी आणि पोर्शे गाड्यांच्या इंजिनाला ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, कारखान्यातूनच दिलेली नसते. २००४ साली आलेले बीएमडब्ल्यूचे एन५२ हे सहा सिलिंडरचे इंजिन आणि ऑडी ए४ च्या बी८ पिढीतले २.० टीएफएसआय हे पेट्रोल इंजिन ही त्याची ठळक उदाहरणे. अशा गाडीत चेंबरच्या (ऑइल सम्पच्या) तळाशी बसवलेला सेन्सर पातळी मोजतो आणि चालकाला ती पडद्यावर दिसते. पडद्यावरचा आकडा हा संगणकाने काढलेला हिशोब असतो. मोजणी कोणत्या परिस्थितीत झाली हे माहीत नसेल, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

सेन्सर मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. औष्णिक सेन्सरमधली तार क्षणभर तापवतात आणि ती किती वेळात निवते ते पाहतात. ऑइल जास्त असेल तर ती लवकर निवते. फोक्सवॅगन समूहाच्या आकृत्यांत ‘जी२६६’ म्हणून दाखवलेला सेन्सर पातळीबरोबर ऑइलचे तापमानही कळवतो. दुसरा प्रकार ध्वनिलहरींचा. तो ऑइलच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रतिध्वनीचा वेळ मोजतो. तिसरा प्रकार विद्युत सेन्सरचा, तो एन५२ मध्ये असतो. त्यात एकावर एक असे दोन कपॅसिटर असतात. खालचा कायम ऑइलात बुडालेला राहून ऑइलचा विद्युत गुणधर्म कळवतो, वरच्यावरून पातळी निघते. गाडी धावताना ऑइल सतत हिंदकळत असल्याने संगणक बऱ्याच वाचनांची सरासरी काढतो. घाटातल्या वळणावर आकडा लगेच खालीवर होत नाही तो यामुळेच. पण नुकत्याच ओतलेल्या ऑइलचीही पडद्यावर लगेच दखल घेतली जात नाही.

बीएमडब्ल्यूमध्ये दोन पद्धती आहेत. साधी स्थिती दिसण्यासाठी गाडी साधारण ३० मिनिटे चाललेली असावी लागते. नेमकी मोजणी हवी असेल तर गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन पूर्ण गरम असावे, गिअर पी किंवा एन मध्ये ठेवून ते आयडलवर चालू ठेवावे. मग आयड्राइव्हच्या (डॅशबोर्डवरच्या पडद्याच्या यंत्रणेच्या) वाहनस्थितीच्या मेनूतून मोजणी सुरू करावी. सुमारे एक मिनिट लागते. तेवढ्यात ॲक्सिलरेटरला पाय लागला तर मोजणी रद्द होते. आयड्राइव्ह नसलेल्या ई९० मालिकेत (३ सिरीजच्या एका जुन्या पिढीत) इंडिकेटरच्या दांड्यावरची कळ ऑइलच्या डब्याचे चिन्ह येईपर्यंत वरखाली करायची आणि टोकाचे ‘बीसी’ बटण दाबायचे. ऑडीत हे वाचन एमएमआय या पडद्याच्या यंत्रणेतल्या कार विभागातल्या सर्व्हिसच्या पानावर मिळते. काही ऑडी गाड्या बोनेट उघडल्याची नोंद होताच आधीची सरासरी टाकून देतात आणि नवी तयार होईपर्यंत बरेच अंतर चालवावे लागते. म्हणून टॉप-अप केल्यावर ‘पातळी उपलब्ध नाही’ असे दिसले तर लगेच सेन्सर बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये.

किमान आणि कमाल खुणांमधले अंतर बहुतेक बीएमडब्ल्यू इंजिनांत सुमारे १ लिटर असते. एक लिटर भरा असा संदेश आला, तर पातळी किमान खुणेपर्यंत आलेली असते. पातळी अर्ध्यावर असताना अख्खा डबा रिता करणे ही नेहमी होणारी चूक. पाव-पाव लिटर ओतावे आणि पुन्हा मोजावे. जास्त झालेले ऑइल क्रँकशाफ्टच्या फेऱ्यात येऊन फेसाळते, पंपात हवा जाते, आणि इंजिनाच्या ब्रीदर नळीवाटे ऑइल इनटेकमध्ये शिरून शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. डिपस्टिकची नळीच नसेल तर जादा ऑइल खालच्या ड्रेन बोल्टमधूनच काढावे लागते.

ऑइल बदलताना पडद्यापेक्षा मापाचे भांडे अधिक भरवशाचे. फिल्टरसह एन५२ ला ६.५ लिटर, बीएमडब्ल्यूच्याच चार सिलिंडरच्या बी४८ ला ५.२५ लिटर लागते. अनुभवी मेकॅनिक अर्धा लिटर हातचा राखून भरतात, इंजिन गरम करतात, मोजतात आणि मग उरलेले घालतात.

ऑडीच्या अनेक इंजिनांत नळी असते, पण तिच्यावर प्लास्टिकचे बूच असते. कार्यशाळेत टी४०१७८ ही सरकत्या कड्याची पट्टी वापरतात. त्या इंजिनासाठी दुरुस्तीपुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर कडे लावायचे, पट्टी नळीत घालायची आणि खालच्या खुणा वाचायच्या. इंजिन बंद करून ऑइल खाली उतरायला काही मिनिटे द्यावी लागतात. बाजारात मिळणाऱ्या, दुसऱ्या इंजिनाच्या पट्ट्या इथे दगा देतात. पट्टी लांब असली तर ती ऑइल कमी असतानाही भरलेले दाखवते. आखूड असली तर पुरेसे ऑइल असूनही कमी दाखवते आणि मालक जास्त भरतो. अशी पट्टी वापरायचीच असेल तर ऑइल पूर्ण काढून, फिल्टर बदलून, मोजून भरावे, इंजिन चालवून बंद करावे आणि पट्टीवर ऑइल जिथे लागेल तिथे स्वतःची खूण कोरावी. इंजिन चालू करण्याआधी ती बाहेर काढावी.

फोक्सवॅगन समूहाचे दुसऱ्या पिढीचे ईए८८८ पेट्रोल इंजिन पिस्टन रिंगांमुळे ऑइल खाण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, आणि नेमकी त्याच इंजिनाच्या अनेक ऑडींत पट्टी नाही! वापरलेली ए४ किंवा क्यू५ घेताना थंड इंजिनावर दाखवलेला पडदा पुरावा मानू नये. या गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात होत आली असल्याने महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या सहज भेटतात. अर्धा तास चालवून मग वाचन घ्यावे. जमल्यास नळीतून कार्यशाळेची पट्टी घालून ताडून पाहावे.

उलट, न भरता पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये इंधन मिसळत असण्याची शक्यता असते. डिझेल गाडी रोज जवळच्या फेऱ्यांत अडकली की डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहते आणि जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. पातळ झालेले ऑइल बदलावेच लागते. नुसते उपसून पातळी कमी करून भागत नाही.

सेन्सर बंद पडला की बहुधा तसा संदेश येतो किंवा पातळीच्या जागी रेघा दिसतात. बीएमडब्ल्यूमध्ये तो चेंबरला खालून तीन नटांनी बसवलेला असतो, त्यामुळे ऑइल काढल्याशिवाय बदलता येत नाही. हे काम ऑइल बदलण्याच्या वेळीच करावे आणि सीलही नवे घालावे. तोवर भरलेल्या आणि खर्च झालेल्या ऑइलची किलोमीटरसह वहीत नोंद ठेवावी.

पातळीचा पिवळा इशारा आणि दाबाचा लाल दिवा यांत गल्लत करू नये. पिवळा लागला तर जवळच्या पंपावर ऑइल घेऊन भरता येते. लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे आणि टो करून न्यावे, पातळी पडद्यावर कितीही ठीक दिसत असली तरी.